जर्मन शिकताना इंग्रजीचा वळसा कशाला?

जानेवारीतली सकाळ. जर्मनीतल्या श्टुटगार्टमध्ये श्टाटबानच्या (शहरातल्या ट्रामसारख्या रेल्वेच्या) थांब्यावर मी दात वाजवत उभी होते. शेजारी ऑफिसमधल्या एक वयस्कर बाई. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, ‘इष बिन काल्ट.’ बाई क्षणभर माझ्याकडे पाहत राहिल्या, मग हसून म्हणाल्या, ‘मिअर इस्ट काल्ट.’ मी जे बोलले त्याचा अर्थ ‘मी थंड स्वभावाची, भावनाशून्य बाई आहे’ असा लागतो. त्यांनी दुरुस्त केलेलं वाक्य शब्दशः ‘मला आहे थंड’ असं होतं. म्हणजे आपलंच ‘मला थंडी वाजतेय’.

हे ‘मला’ जन्मापासून माझ्या तोंडात होतं. पण मी आधी मनात इंग्रजी वाक्य जुळवलं आणि मग त्याचं जर्मन केलं. एक साकव ओलांडून पोचता आलं असतं तिथे मी दोन नद्या पोहून गेले. आपल्याकडे जर्मनची पुस्तकं, ॲप, व्हिडिओ बहुतेक इंग्रजीतून असतात, म्हणून ही सवय लागते. पुढे हळूहळू लक्षात आलं की जर्मनच्या ज्या गोष्टी इंग्रजीवाल्यांना डोंगराएवढ्या वाटतात, त्यातल्या निम्म्या मराठी माणसाला घरच्याच आहेत. उरलेल्या निम्म्यांत मात्र मराठीही दगा देते, आणि खरी मेहनत तिथे घालायची असते. कुठे मराठीचा हात धरायचा आणि कुठे सोडायचा, ते मी ज्या क्रमाने शिकायला हवं होतं त्या क्रमाने इथे मांडते.

लेखात जर्मन शब्द देवनागरीत लिहिले आहेत. देवनागरी सगळे उच्चार दाखवू शकत नाही, म्हणून एक सोय केली आहे: ‘इष’ (मी), ‘निष्ट’ (नाही) यांतला ‘ष’ म्हणजे आपला पोटफोड्या ष नव्हे. ‘य’ म्हणताना जीभ जिथे असते तिथेच ठेवून नुसती हवा सोडा, तो आवाज. ‘यू’ आणि ‘यो’ लिहिलेले स्वरही तात्पुरतेच समजा. ओठ ‘ऊ’सारखे गोल करून ‘ई’ म्हणा, की पहिला मिळतो. ओठ ‘ओ’सारखे करून ‘ए’ म्हणा, की दुसरा.

आधी कान, मग तोंड

पहिले चार-पाच दिवस व्याकरणाला हातही लावू नका. जर्मन जशी लिहितात तशीच जवळपास वाचतात. नियम मोजके आहेत, पण इंग्रजी वाचायची सवय आडवी येते. डब्ल्यू हे अक्षर ‘व’ वाचायचं, व्ही बहुतेक वेळा ‘फ’. चाकणला कारखाना असलेली कंपनी तिच्या घरी ‘फोल्क्सवागन’ असते. शब्दाच्या सुरुवातीला एस-टी आलं तर ‘श्ट’ आणि एस-पी आलं तर ‘श्प’, म्हणून श्टुटगार्ट, म्हणून श्ट्रासं (रस्ता). स्वरापूर्वीचा एस म्हणजे झी मराठीतला ‘झ’. ई-आय ही जोडी ‘आय’ वाचायची आणि आय-ई ही जोडी ‘ई’. हे उलटंपालटं झालं की वाइन (दारू) मागताना वीन (व्हिएन्ना शहर) मागितलं जातं.

शब्दाच्या शेवटी ड, ग, ब आले की ते ट, क, प होतात. हुंट (कुत्रा), टाक (दिवस), हाल्प (अर्धा). ‘आणि’ला जर्मनमध्ये ‘उंट’ म्हणतात. हा शब्द विसरलेला मराठी माणूस मी अजून पाहिलेला नाही.

इथेच आपला पहिला फायदा होतो. झेड या अक्षराचा उच्चार ‘त्स’ आहे आणि इंग्रजीतून आलेले लोक त्यावर आठवडे घालवतात. आपण मात्र ‘चूल’, ‘चोर’, ‘चमचा’ यांतला च रोज वापरतो, तोच हा. ‘चहा’तला च नव्हे, ‘चमचा’तला. रेल्वेगाडीला त्सूक म्हणतात. ‘चूल’ म्हणायला तोंड उघडा, शेवटी ल ऐवजी क लावा, झालं.

आकडे आणि घड्याळ

दुकान, फोन, फलाट, डॉक्टरची वेळ, सगळीकडे आकडे लागतात. आणि जर्मन आकडे ‘उलटे’ आहेत अशी ओरड असते. 21 म्हणजे आइनउंटत्स्वान्त्सिष, म्हणजे एक-आणि-वीस. आपण काय म्हणतो? एकवीस. 47 म्हणजे झीबनउंटफिअर्त्सिष, सात-आणि-चाळीस. आपण सत्तेचाळीस. एकक आधी, दशक नंतर. 2019 मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणितात ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’ आणलं तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला होता ते आठवत असेल. जर्मनीतही हेच मागणारी एक संस्था आहे आणि तिचं नावच ‘त्स्वान्त्सिषआइन्स’, म्हणजे ‘वीस-एक’. फरक एकच: आपल्याकडे 29 म्हणजे एकोणतीस, तीसला एक उणा. जर्मन तसं करत नाहीत, ते सरळ नऊ-आणि-वीस म्हणतात. म्हणून 29, 39, 49 ऐकताना थोडं सावध राहा.

घड्याळात खरी गंमत आहे. ‘हाल्प आख्ट’ शब्दशः ‘अर्धे आठ’. पण वेळ साडेआठ नव्हे, साडेसात. माझी एक मैत्रीण यापायी डॉक्टरकडे तासभर उशिरा पोचली. जर्मन माणूस पुढच्या तासाकडे बघतो: आठवा तास अर्धा भरला. हे परकं वाटतं ना? मग ‘अडीच’ शब्दाकडे बघा. तो संस्कृत ‘अर्धतृतीय’वरून आला, म्हणजे दोन पूर्ण आणि तिसरा अर्धा. जर्मनमध्ये अडीच वाजले की ‘हाल्प ड्राय’, तिसरा अर्धा. अगदी तोच हिशोब. ‘दीड’मागेही दुसऱ्यातला अर्धा आहे, आणि जर्मनमध्ये दीडला ‘आंडरटहाल्प’ हा जुना शब्द आहे, त्याचाही अर्थ ‘दुसरा अर्धा’. आपण ही पद्धत दीड-अडीचवर थांबवली, त्यांनी बाराही तास चालवली. अडीचवरून आठवायचं, घोटाळा होत नाही.

दक्षिणेत आणि पूर्व जर्मनीत आणखी एक पायरी पुढे जातात. ‘फिर्टल आख्ट’ म्हणजे ‘पाव आठ’, आठव्या तासाचा पाव भाग, म्हणजे सव्वासात. सव्वाआठ नाही. भेट ठरवताना शंका आली तर बिनदिक्कत आकड्यांत विचारा, स्वतः जर्मन लोकही एकमेकांना विचारतात.

‘मला’ची वाक्यं गाठीला बांधा

थांब्यावरच्या प्रसंगानंतर मी वहीत ‘मिअर’ची एक यादी केली. मिअर म्हणजे मला.

मिअर इस्ट हाइस: मला उकडतंय. डास गेफेल्ट मिअर: मला ते आवडतं. डास श्मेक्ट मिअर: मला याची चव आवडली. मिअर इस्ट श्लेष्ट: मला मळमळतंय. मिअर फेल्ट डेअर नामं निष्ट आइन: मला नाव आठवत नाही. एस टूट मिअर लाइट: मला वाईट वाटतं, माफ करा. वी गेट एस ईनन: तुम्हाला कसं चाललंय, म्हणजे कसे आहात.

इंग्रजीतून गेलात तर प्रत्येक वाक्य अपवाद म्हणून पाठ करावं लागतं. मराठीतून गेलात तर एकच गोष्ट कळते: जे आपण करत नाही, आपल्याला होतं, त्याला दोन्ही भाषा ‘मला’ लावतात. पण हा मोह आवरायलाही लागतो. मराठी ‘मला’ फार उदार आहे. भूक, तहान, माहिती, इच्छा सगळ्याला आपण ‘मला’ लावतो. जर्मनमध्ये भूक ‘माझ्याकडे असते’ (इष हाबं हुंगर), आणि ‘मला माहीत आहे’ हे ‘इष वाइस’ होतं, ‘मला हवंय’ हे ‘इष म्योष्टं’. ही तीन वाक्यं वेगळी पाठ करा, दिवसातून दहा वेळा लागतात.

जाता जाता आणखी एक देणगी: ‘मी तीन वर्षांपासून श्टुटगार्टला राहते.’ यात आपण साधा वर्तमानकाळ वापरतो, जर्मनही तोच वापरतात: इष वोनं झाइट ड्राय यारन इन श्टुटगार्ट. इंग्रजीतला तो ‘हॅव बीन’ विसरा.

वाक्य: क्रियापदाची एक उडी

जर्मन वाक्यरचनेवर मी दोन वह्या भरल्या. आज कुणी विचारलं तर एका ओळीत सांगते: वाक्य मराठीच्या क्रमाने मनात मांडा, मग चालवलेलं (कर्ता आणि काळाप्रमाणे बदललेलं) क्रियापद उचलून दुसऱ्या जागी ठेवा.

‘मी आज बसने पुण्याला जाते.’ काळ, मग साधन, मग ठिकाण. जर्मन: इष फारं हॉयटं मिट डेम बुस नाख पूने. मी, जाते, आज, बसने, पुण्याला. ‘जाते’ उडी मारून पुढे आलं, बाकी कुणी जागा सोडली नाही. इंग्रजीत हाच क्रम जवळपास उलटा होतो.

आता ‘आज’ने सुरुवात करा. दुसरी जागा क्रियापदाचीच राखीव, म्हणून ‘मी’ला त्याच्या मागे जावं लागतं: हॉयटं फारं इष मिट डेम बुस नाख पूने. नवशिके इथे हमखास ‘हॉयटं इष फारं’ म्हणतात. समोरच्याला कळतं, पण चप्पल उलटी घातल्यासारखं दिसतं.

क्रियापद दोन शब्दांचं असलं की एकच उडी मारतं, दुसरं शेवटीच राहतं. ‘मी काल एक सिनेमा पाहिला आहे’ यातलं ‘आहे’सारखं साहाय्यक पुढे येतं आणि ‘पाहिला’ शेवटी राहतो: इष हाबं गेस्टर्न आइनन फिल्म गेझेअन. म्हणजे जर्मन माणसाचं वाक्य संपेपर्यंत त्याने सिनेमा पाहिला, विकत घेतला की बनवला ते कळत नाही. आपल्याला याची सवय आहे. मराठीतही शेवटचा शब्द आल्याशिवाय होकार की नकार ते ठरत नाही.

आणि ‘कारण’, ‘की’, ‘जर’ आले, की क्रियापद उडीसुद्धा मारत नाही. वाइल इष हॉयटं क्रांक बिन: कारण मी आज आजारी आहे. शब्दाला शब्द लावून बघा. डास एअर मॉर्गन कोम्ट: की तो उद्या येतो. इंग्रजीवाल्यांना वर्षभर छळणारा हा नियम तुम्ही रोज घरी बोलता. या पायरीवर रोज पाच वाक्यं करा. वाक्यं स्वतःच्या दिवसातली घ्या, पुस्तकातल्या काल्पनिक सहलीतली नकोत.

डेअर, डी, डास

तो, ती, ते. तीन लिंगं असतात ही कल्पना आपल्याला समजावून सांगावी लागत नाही, टेबलाला लिंग कशाला असा प्रश्नही पडत नाही. तरी हीच जागा सर्वांत जास्त फसवते, कारण कल्पना तीच असली तरी वाटप वेगळं आहे. चहा तो, डेअर टे. पुस्तक ते, डास बूख. घर ते, पाणी ते: डास हाउस, डास वासर. इथवर सगळं जुळतं म्हणून आपण निर्धास्त होतो, आणि मग दूध ‘डी मिल्ष’, ती निघते. कॉफी ‘डेअर काफे’, तो. बस तो, खिडकी ते, चंद्र तो पण सूर्य मात्र ती: डी झोनं. मराठी लिंगावरून अंदाज बांधायचा नाही, हा इथला पहिला नियम.

मग कसं लक्षात ठेवायचं? शब्द एकटा कधीच पाठ करू नका. त्याच्या पुढे ‘मोठा’ लावा. आपल्याकडे मोठा-मोठी-मोठं, त्यांच्याकडे ग्रोसर-ग्रोसं-ग्रोसस. आइन ग्रोसर टिश, एक मोठा टेबल (त्यांच्याकडे टेबल ‘तो’). आइनं ग्रोसं टासं, एक मोठी कप (त्यांच्याकडे कप ‘ती’). आइन ग्रोसस ग्लास, एक मोठं ग्लास. विशेषणाचं शेपूट कानाला लागलं की लिंग आपोआप बसतं. शिवाय ‘टेबल मोठा आहे’ अशा वाक्यात जर्मन विशेषण बदलतच नाही, नुसतं ‘ग्रोस’. तिथे ते आपल्याहून सोपे आहेत.

काही शेपट्या मात्र खात्रीच्या. शब्द -उंग, -हाइट, -काइट, -शाफ्ट किंवा -टेटने संपला की स्त्रीलिंगी. कचेरीतले बहुतेक शब्द यात येतात: वोनुंग (घर, फ्लॅट), रेष्नुंग (बिल), फेअरझिषरुंग (विमा), आनमेल्डुंग (पत्त्याची नोंदणी). -षन लागलं की नपुंसकलिंगी, मग ती मुलगी का असेना: डास मेटषन. यावर परदेशी लोक फार विनोद करतात. आपण काय हसणार, आपलं ‘पोरगं’, ‘मूल’, ‘कार्टं’ काय आहे? वार, महिने आणि ऋतू पुल्लिंगी. एकाराच्या जवळ जाणाऱ्या हलक्या ‘अं’ने संपणारे शब्द बहुतेक स्त्रीलिंगी (टासं, लांपं, क्युषं), पण नामं (नाव) आणि केझं (चीज) हे ‘डेअर’.

जोडशब्दात शेवटचा शब्द लिंग ठरवतो, आपल्या देवघरासारखं. डास हाउस अधिक डी ट्यूर, म्हणून डी हाउसट्यूर. आणि काही शब्दांवर जर्मनांचंच एकमत नाही: दही ‘डेअर’ही चालतं, ‘डास’ही. ‘तो पेन’ की ‘ते पेन’ यावर आपल्याकडे घराघरांत वाद आहेतच.

विभक्ती: स, ला, ते आठवतंय ना?

शाळेत घोकलेली विभक्ती इतक्या वर्षांनी कामाला येते. जर्मनमध्ये चारच आहेत. आपल्याकडे प्रत्यय नामाला लागतो आणि त्याआधी नामाचं सामान्यरूप होतं, घोडा-घोड्याला. जर्मनमध्ये नाम बहुधा जागचं हलत नाही, त्याच्यापुढचं डेअर-डी-डास रूप बदलतं. सामान्यरूप पुढच्या शब्दाचं होतं एवढं समजलं की कोडं सुटलं.

‘कुत्रा माणसाला चावतो’: डेअर हुंट बाइस्ट डेन मान. आता शब्द फिरवा, ‘माणसाला कुत्रा चावतो’: डेन मान बाइस्ट डेअर हुंट. कोण कुणाला चावला ते बदललं नाही, कारण ‘ला’चं काम ‘डेन’ करतोय.

कर्माच्या रूपात फक्त पुल्लिंगी बदलतं, डेअरचं डेन. डी आणि डास तसेच राहतात. ‘ला/शी/ने’ अशा चतुर्थीच्या रूपात मात्र सगळे बदलतात: डेअर आणि डास दोघांचं डेम, डीचं डेअर, अनेकवचनाचं डेन. हो, स्त्रीलिंगीचं ‘डेअर’ होतं. मिट डेअर बान, रेल्वेने. ऐकणाऱ्याला वाटतं बान पुल्लिंगी आहे. मी महिनाभर तसंच समजत होते.

आउस, बाय, मिट, नाख, झाइट, फॉन, त्सू या शब्दांनंतर नेहमी डेम-डेअर-डेन. डुर्ष, फ्यूर, गेगन, ओनं, उम यांच्यानंतर कर्माचं रूप. हे दोन पाढे चालीत पाठ करा, पावकीसारखे. समजून घेण्यात वेळ घालवू नका, इथे समजण्यासारखं काही नाही.

पण ‘इन’ (आत), ‘आउफ’ (वर) अशा नऊ शब्दांपाशी थांबा. इथे मराठी खरोखर दगा देते. ‘मी स्वयंपाकघरात जाते’, ‘मी स्वयंपाकघरात आहे.’ आपल्याला दोन्हीकडे ‘त’. जर्मनमध्ये जाते तर इन डी क्युषं, आहे तर इन डेअर क्युषं. आपला ‘कुठे?’ एकच, त्यांचे दोन: वो (कुठे आहे) आणि वोहिन (कुठे चाललाय). मी एक युक्ती केली. बोलण्यापूर्वी मनात विचारायचं, दार ओलांडायचंय का? ओलांडायचं असेल तर कर्माचं रूप. आत असेल तर चतुर्थी. ‘घरी’ या साध्या शब्दाचीही दोन रूपं होतात: घरी चालले, नाख हाउझं, घरी आहे, त्सू हाउझं. फोनवर आईला सांगताना दोन्ही ‘घरी’च, म्हणून ही चूक सगळ्यांत उशिरा जाते.

फलाटावर शेवटचा शब्द ऐका

जर्मनमध्ये काही क्रियापदं तुटतात. पहिला तुकडा सुटून वाक्याच्या टोकाला जातो. माखन म्हणजे करणं, पण आउफमाखन उघडणं, त्सूमाखन बंद करणं, आनमाखन दिवा लावणं, आउसमाखन मालवणं. ‘माख बिटं डास फेन्स्टर…’ इथवर ऐकून उठलात तर खिडकी उघडायची की लावायची ते कळायचं असतं अजून. शेवटी ‘त्सू’ येतं, मग लावा.

स्टेशनवर हे महागात पडतं. ‘डेअर त्सूक फेअर्ट हॉयटं फॉन ग्लाइस नॉइन आप’: गाडी आज नऊ नंबरच्या फलाटावरून सुटते. ‘डेअर त्सूक फेल्ट हॉयटं आउस’: गाडी आज रद्द. फेअर्ट आणि फेल्ट गर्दीत सारखेच ऐकू येतात, म्हणून टोकाचं ‘आप’ की ‘आउस’ ते ऐका. आउस ऐकलं की धावू नका, फलक बघा. फेअरश्पेटुंग म्हणजे उशीर. शीननएर्झात्सफेअरकेअर हा लांबलचक शब्द दिसला, तर रूळ बंद आहेत आणि गाडीऐवजी बस सुटणार आहे.

चिल्लर शब्द

पुस्तकं ज्यांना शेवटच्या पानांत ढकलतात त्या शब्दांनी मला जर्मन आवडायला लागली: डॉख, माल, या, डेन, हाल्ट, शोन. यांचं इंग्रजी भाषांतर होत नाही. मराठीत मात्र प्रत्येकाला भाऊ आहे, कारण आपणही ना, की, जरा, तरी, बरं, हो यांच्याशिवाय एक वाक्य बोलत नाही.

कोम माल हेअर: जरा इकडे ये. माल काढलंत तर हुकूम होतो, ‘इकडे ये!’. झेट्सन झी झिष डॉख: बसा ना. वो बिस्ट डू डेन: कुठे आहेस तरी? डास इस्ट हाल्ट झो: असतं ते तसं, काय करणार. डास विर्ट शोन: होईल हो सगळं नीट. डू बिस्ट या शोन डा: अरे, तू आलास पण!

आणि डॉखचं एकटं उत्तर. कुणी विचारलं, ‘कोम्स्ट डू निष्ट मिट?’, तू येत नाहीस? इथे ‘या’ म्हटलं तर हो, येत नाही की हो, येतोय? म्हणून त्यांनी स्वतंत्र शब्द ठेवलाय. ‘डॉख!’ म्हणजे ‘येतोय की!’. वाक्याच्या शेवटी आपण जो ‘की’ ठासून लावतो, तोच. हा शब्द योग्य जागी पहिल्यांदा तोंडातून निघाला त्या दिवशी मी घरी फोन करून सांगितलं होतं.

हे शब्द नियमाने शिकू नका. ऐकलेलं वाक्य अख्खं लिहा आणि शेजारी तुमच्या आजीने तेच कसं म्हटलं असतं ते लिहा.

दुकान, ऑफिस, आणि नको असताना मिळालेला नकार

पहिल्याच महिन्यात एका घरी चहा विचारला. मी नम्रपणे ‘डांकं’ म्हटलं. किटली पुढे गेली. आपल्याला डांकं म्हणजे धन्यवाद एवढंच ठाऊक, पण काही देऊ केलं असताना नुसतं डांकं म्हटलं की ते ‘नको, आभारी आहे’ असं समजतात. हवं असेल तर ‘या, बिटं’ किंवा ‘गेर्नं’ म्हणा. आणि आपल्यासारखा तीन वेळा आग्रह होईल ही आशा सोडा. एकदाच विचारतात.

‘बिटं’ हा शब्द दिवसभर कानावर येतो: कृपया, हे घ्या, आभार कसले, पुढचं गिऱ्हाईक या. प्रश्नाच्या सुरात म्हटलं तर ‘काय म्हणालात?’. बेकरीत ‘झोन्स्ट नोख वास?’ (आणखी काही?) विचारतील, त्यावर ‘डास वार्स’, एवढंच. पावाला पुस्तकात ब्र्योटषन असलं तरी बर्लिनमध्ये श्रिपं, बव्हेरियात झेमल आणि श्टुटगार्टकडे वेकलं. शेवटचं ‘लं’ हे तिथलं लाडाचं शेपूट. हॉटेलात बिलाच्या वेळी ‘त्सुझामन ओडर गेट्रेंट?’, एकत्र की वेगळं. गोंधळू नका, वेगळं म्हणण्यात कुणी कंजूष ठरत नाही. सुटे ठेवा म्हणायचं असेल तर ‘श्टिम्ट झो’. बाटलीवर ‘फांट’ (अनामत) लिहिलं असेल तर फेकू नका, दुकानातल्या यंत्रात परत दिली की बऱ्याच बाटल्यांचे 25 सेंट परत मिळतात.

दुपारी ऑफिसच्या जिन्यात कुणी ‘मालत्साइट!’ म्हणालं, तर तो जेवणवेळेचा नमस्कार. तेच शब्द उलट म्हणायचे. संध्याकाळी निघताना ‘श्योनन फायराबेंट’, आजचं काम संपलं, मजा करा.

झी आणि डू म्हणजे तुम्ही आणि तू. अनोळखी मोठ्यांना झी, मुलांना डू. मोठा माणूस किंवा वरिष्ठ ‘डू म्हणूया का’ असं आपण होऊन सुचवतो, आपण सुचवायचं नाही. ‘झी’चं क्रियापद ‘ते’चं असतं, म्हणजे आपलं ‘बाबा आले’ तसा आदरार्थी अनेकवचनाचा प्रकार. फक्त घरात जपून. वडिलांना, आजोबांना आपल्याकडे अनेक घरांत ‘अहो’ असतं, तिथे सगळ्यांना डू. देवालाही डू. तिथे आपलं जुळतं.

पत्र आलं की

जर्मनीत कामं पत्राने होतात. पानभर जोडशब्द बघून घाबरायचं नाही, समासाचा विग्रह करायचा, उजवीकडून. वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग: शेवटी बेश्टेटिगुंग, पुष्टी. कुणाची? गेबर, देणाऱ्याची. काय देणाऱ्याची? वोनुंग, घर. घरमालकाचं तुम्ही तिथे राहता असं पत्र. नवीन घरात गेल्यावर दोन आठवड्यांत आनमेल्डुंग करावी लागते, तिला हे लागतं. भाड्याच्या करारात काल्टमीटं (‘थंड भाडं’) म्हणजे नुसतं घराचं, वार्ममीटं (‘गरम भाडं’) म्हणजे हीटिंग आणि इतर खर्च धरून. जाहिरातीतला आकडा कोणता आहे ते आधी बघा.

पत्र वाचायचा माझा क्रम: आधी ‘बिस त्सुम’ शोधा, त्यापुढे शेवटची तारीख असते. मग प्रत्येक वाक्याचं शेवटचं क्रियापद. मग मोठ्या अक्षराने सुरू होणारे शब्द, कारण जर्मनमध्ये प्रत्येक नाम मोठ्या अक्षरानेच लिहितात. एवढ्यात काय मागितलंय आणि कधीपर्यंत, ते कळतं. उरलेलं संध्याकाळी शब्दकोश घेऊन.

कानासाठी डॉइचं वेलं या जर्मन प्रसारण संस्थेच्या सावकाश वाचलेल्या बातम्या रोज ऐका, सोबत मजकूर मिळतो. पहिल्या आठवड्यात ‘इष फेअरश्टेअं नूअर बानहोफ’ वाटेल. शब्दशः ‘मला फक्त स्टेशन कळतं’, म्हणजे सगळं डोक्यावरून गेलं. मला तेव्हा बातम्यांतला हाच एक शब्द खरोखर कळत असे.